ज्यू निर्वासितांना आसरा देणाऱ्या डच स्त्रिया : नैतिक प्रेरणा

मे १९४० ते मे १९४५ या काळात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात होते. देशातील सुमारे १,४०,००० ज्यूंमध्ये जर्मनीतून पळून आलेले निर्वासितही होते. त्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. लपलेल्यांना अनेक घरांत बाईमाणसानेच सांभाळले.

हार्लेमच्या कोरी टेन बूम यांची प्रेरणा धार्मिक होती. ज्यू ही देवाने निवडलेली माणसे, या विश्वासाने त्यांच्या घरी १८४४पासून ज्यूंसाठी प्रार्थना होत असे. मीप गीस पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत, १९२०मध्ये, व्हिएन्नाहून एका डच कुटुंबात आल्या आणि तिथेच वाढल्या. डायरीमुळे प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅन फ्रांकचे वडील ऑटो फ्रांक यांनी लपण्यासाठी मदत मागताच त्या तयार झाल्या. मारियन प्रिचर्ड यांनी १९४२मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ज्यू मुलांना हातापायांना धरून ट्रकमध्ये फेकताना पाहिले. त्या संतापाने त्यांचा निश्चय झाला.

प्रेरणा कितीही खरी असली तरी तेवढ्यावर माणूस जगत नाही. रेशनकार्डाशिवाय अन्न मिळत नसे, म्हणून कार्डे चोरून मिळवावी लागत. टेन बूम यांच्या शयनगृहात खोटी विटांची भिंत उभारून मागे जेमतेम पाऊण मीटर खोल जागा केली होती. कपाटाच्या खालच्या फळीमागून सरपटत आत शिरायचे. छापा पडल्यास लपण्याचा सराव होई; त्यात जास्तीचे ताट उचलणे आणि गादी उलटणे हेही असे, कारण अंगाची ऊब लागली तरी झडती घेणाऱ्याला सुगावा लागे. २८ फेब्रुवारी १९४४च्या छाप्यात घरची माणसे पकडली गेली, पण भिंतीमागचे सहाही जण सापडले नाहीत.

खरा पेच सदसद्विवेकाचा होता. खोटे बोलणे पाप मानणाऱ्या घरांत तर तो फारच बोचरा होई. कोरी यांच्या आठवणींनुसार, त्यांची बहीण नॉली हिने शिपायांनी विचारताच घरातली मुलगी ज्यू असल्याचे खरे सांगून टाकले आणि मुलगी पकडली गेली. पुढे ती सुटली. प्रिचर्ड यांना तर लपवलेल्या मुलांना वाचवण्यासाठी एका डच नाझी पोलिसाला गोळी घालावी लागली.

एकेका ज्यूमागे साडेसात गिल्डर (तेव्हाचे डच चलन) बक्षीस मिळत असल्याने शेजाऱ्यांवरही भरवसा उरला नव्हता. काही घरांनी लपलेल्यांकडून पैसे घेतले, पण तेवढ्यावरून त्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. ज्यू नरसंहाराची स्मृती जपणारी जेरुसलेमची याद वाशेम ही संस्थाही ज्यूंना वाचवणाऱ्यांना सन्मान देताना प्रत्यक्ष खर्चापुरते पैसे घेणे आणि मोबदला मिळाला तरच आसरा देणे, यांत फरक करते.