हळकुंडाच्या गाभ्यातला रंग कोण मोजतो?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला की खरेदीदार ढिगातलं एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. कट्‌कन आवाज आला तर माल नीट शिजलाय, नीट वाळलाय. मग मोडलेल्या जागेवर एक नजर. गाभा गडद केशरी असेल तर बोली चढते, फिकट असेल तर गडी पुढच्या ढिगाकडे सरकतो. अर्ध्या मिनिटाचा खेळ. पण त्या अर्ध्या मिनिटात तो एका रेणूचं प्रमाण डोळ्यांनी मोजत असतो, आणि कुणाच्या तरी आठ-नऊ महिन्यांच्या पिकाचा भाव बराचसा त्यावर ठरतो.

रेणूचं नाव कर्क्युमिन. २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. वाळलेल्या हळदीत तो जातीनुसार साधारण २ ते ७ टक्के भरतो. बाकी मुख्यतः पिष्ट. दोन टोकांना सहा-सहा कार्बनची कडी आणि मधे सात कार्बनची साखळी, अशी त्याची ठेवण. साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन दोन अणूंमध्ये अडकून न राहता या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात. अशा ऐसपैस इलेक्ट्रॉनना वरच्या पायरीवर चढायला कमी ऊर्जा पुरते. साखरेच्या रेणूतले इलेक्ट्रॉन हलवायला अतिनील किरण लागतात, म्हणून साखर आपल्याला रंगहीन दिसते. कर्क्युमिनला ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश पुरतो. तो गिळून उरलेला प्रकाश डोळ्यापर्यंत येतो, तो पिवळा.

साखळीच्या मध्यावर आणखी एक गंमत आहे. तिथे दोन ऑक्सिजन शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये एकच हायड्रोजन. तो कधी याचा, कधी त्याचा. रेणूवर प्रकाश पडला की मिळालेली ऊर्जा या हायड्रोजनच्या उड्यांमधून बघता बघता उष्णतेत जिरून जाते. मात्र सगळीच जिरत नाही. चिमूटभर हळद सॅनिटायझरसारख्या अल्कोहोलमध्ये ढवळून गाळून घ्या आणि दुकानदाराकडे नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो त्याखाली धरा. हिरवट-पिवळी चमक दिसते. पाण्यात हा प्रयोग जवळजवळ फसतो, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. फोडणीत हळद तेलात पडते ते त्यामुळे बरंच.

अल्कधर्मी पदार्थ भेटला की रेणू आपले काही हायड्रोजन सोडतो, प्रकाश गिळण्याची जागा लांब तरंगलांबीकडे सरकते आणि पिवळ्याचा लाल होतो. हळदीच्या डागावर साबण लावला की तो तांबडा होतो, तो याच कारणाने. सोलापूर जिल्ह्यातल्या केमसारख्या गावांनी तर या एका अभिक्रियेवर धंदा उभा केला. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळद आणि चुन्यासारखा क्षार. युरोपात फोगेल आणि पेल्तिये या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली हळदीतलं हे रंगद्रव्य वेगळं काढलं, त्याची रचना कळायला १९१० उजाडलं. त्यांच्या प्रयोगशाळांत हळदीचा कागद क्षार ओळखायला वापरत होते. कुंकू करणाऱ्या बाया तीच परीक्षा रोज घेत होत्या, फक्त तिला परीक्षा म्हणत नव्हत्या.

हळद शिजवतात ती चवीसाठी नाही. ओल्या गड्ड्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं, आणि रंग ठिकठिकाणच्या पेशींत साठलेला असतो. काहिलीत किंवा आता वाफेच्या कुकरमध्ये पिष्ट फुगून चिकट होतं, पेशी फुटतात, रंग सगळीकडे सारखा पसरतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन, आणि पाच किलो ओल्या मालाची जेमतेम एक किलो हळद उरते. खरेदीदार ऐकतो तो ‘कट्‌’ आवाज या वाळून काचेसारख्या झालेल्या पिष्टाचा.

आता भावाचं बघू. मॉर्डेकाय इझिकिएल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९३८ साली शेतमालाच्या भावांचं एक प्रमेय सविस्तर मांडलं. यंदा भाव चढला की सगळे लावतात, पुढच्या साली माल उतू जातो, भाव पडतो. मग सगळे सोडतात, पुन्हा तुटवडा. आलेखावर ही रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी गरगरत जाते, म्हणून त्याला जाळ्याचं प्रमेय म्हणतात. हळदीत हे जाळं जास्तच चिवट आहे, कारण बेणं म्हणजे हळदच. हेक्टरी २५ क्विंटलच्या घरात बेणं लागतं. भाव तेजीत असताना बेणंही महाग, म्हणजे शेतकरी सगळ्यात महाग पैशाने आत शिरतो आणि सगळ्यात स्वस्त भावात बाहेर पडतो. २०१० अखेरच्या तेजीत हळद क्विंटलला १५ हजारांच्या पुढे गेली होती. २०१२ च्या हंगामात ती चार हजारांच्या आसपास आली. त्या दोन सालांत ज्यांनी उसाचा फड मोडून हळद लावली, त्यांना प्रमेय समजावून सांगावं लागत नाही.

या जाळ्यातून सुटायची एक वाट म्हणजे थांबणं, आणि थांबण्याचं तंत्र सांगलीजवळच्या हरिपुरात होतं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली पेवं आहेत. वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाला अरुंद, आत फुगीर. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड गुदमरते. औषध नाही, वीज नाही, आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी या पेवांची दैना केली. आज माल गोदामात जातो आणि तारण योजनेत किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळतं. सोय चांगलीच आहे, पण व्याज चालू असताना थांबणं आणि पेवात माल टाकून थांबणं यात फरक आहे.

ही हळद आली कुठून? हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३. तिनाची समान वाटणी होत नाही, म्हणून फूल येतं पण बी धरत नाही. त्यामुळे हळद पक्ष्याने नेली, वाऱ्याने उडवली असं होऊच शकत नाही. ती जिथे जिथे दूरवर पोचली तिथे माणसाने गड्डा हातात धरून नेली आहे. निवडणारे, जपणारे, वाटणारे हजारो हात या पिकामागे आहेत. त्यांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

परक्यांनी हे ज्ञान कागदावर उतरवलं तेव्हा काय झालं, याचे दोन नमुने बघण्यासारखे आहेत. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान छापवला. तो काही परोपकारी नव्हता. त्याच्या डच ईस्ट इंडिया कंपनीला स्थानिक औषधं हवी होती. तरी इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव त्यात आहे, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं १६७५ सालचं प्रमाणपत्रही. पुढे लिनियसने १७५३ मध्ये हळदीला शास्त्रीय नाव दिलं. दुसरा नमुना तीनशे वर्षांनंतरचा. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह ३२ पुरावे ठेवले. त्यात १९५३ सालचा एक वैद्यकीय लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. जिंकलो खरे, पण पुरावा छापील लागला. आजीने कापल्या बोटावर हळद दाबली, एवढ्याने भागलं नसतं.

हळदीच्या गोळ्या विकणाऱ्यांबद्दल मात्र हात राखूनच बोलावं. कर्क्युमिन शरीरात नीट शोषलं जात नाही, रेणूही फार टिकाऊ नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात त्यांना काटेकोर चाचण्यांतलं एकही निःसंशय यश सापडलं नाही.

पुन्हा यार्डात येऊ. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की मालाचा खरा दर्जा घेणाऱ्याला कळत नसेल तर बाजार चांगल्या मालालाही सरासरी भाव देतो, आणि चांगला माल हळूहळू मागे हटतो. हळदीत दर्जा रंगावरून ओळखतात, म्हणून रंगाचीच नक्कल होते. बांगलादेशात फिकट हळकुंडांना झळाळी आणायला लेड क्रोमेट हे विषारी शिसंयुक्त रंगद्रव्य चोळत असत. संशोधकांनी २०१९ मध्ये ते उघड केलं, सरकारने बाजारातच क्ष-किरण यंत्राने तपासण्या आणि दंड सुरू केले. तपासलेल्या नमुन्यांत भेसळ ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आली.

कर्क्युमिन मोजायला एवढंही लागत नाही. पूड अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश किती गिळला ते पाहायचं. असं यंत्र महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही असतं. पण आज टक्का माहीत असतो तो अर्क काढणाऱ्या कारखान्याला आणि निर्यातदाराला. ढिगाशेजारी उभ्या शेतकऱ्याला नसतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मग सौद्याआधी टक्का मोजून तो पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, लिहायला काय हरकत आहे, असं मला वाटतं.

हरकत एक आहे, आणि ती सांगलीकडच्या राजापुरी या वाणाची. जाड, देखणं हळकुंड म्हणून गुजरात-राजस्थानात तिला पिढ्यानपिढ्या मागणी आहे. टक्क्याच्या शर्यतीत ती काही वाणांच्या मागे पडते, आणि मेघालयाच्या लाकाडोंगपुढे तर तिचा निभाव लागणार नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून ‘फुले स्वरूपा’सारखे वाण आले, पण शेतकरी टक्क्यासाठी वाण बदलत नाही, पट्टीवरच्या भावासाठी बदलतो. त्यामुळे यंत्र यार्डात आलं तर पहिला वाद व्यापारी आणि शेतकऱ्यात होणार नाही, राजापुरीवाल्यात आणि सेलम हा दुसरा वाण लावणाऱ्यात होईल.