बालगृहातली मुलं आणि ग्रुप थेरपी: गोल करून बसल्यावर नेमकं होतं काय?

डोंगरी, मानखुर्द, माहीम. मुंबईत बालगृह म्हटलं की हीच नावं आठवतात आणि बरेच लोक अजूनही सरसकट सगळ्याला रिमांड होमच म्हणून मोकळे होतात. पण तिथली कितीतरी मुलं काही गुन्हा करून आलेली नसतात, कोणी स्टेशनवर एकटं सापडलेलं असतं, कोणाच्या घरी रोजची मारहाण, कोणाची आई गेली आणि बापाचा पत्ताच नाही. अशा मुलांनी कुठे राहायचं ते 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकल्याण समिती ठरवते. जेवणाची, शाळेची सोय होते. मनाचं काय, हा प्रश्न मात्र मागेच पडतो.

सतत भीतीत वाढलेल्या मुलाच्या मेंदूत अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, फार पटकन जागा होतो. रात्री किल्ल्यांचा आवाज आला तरी छाती धडधडते, मागून कोणी खांद्यावर हात ठेवला की मुलगा सरळ हात उगारतो, आणि आपण त्याला उद्धट ठरवून टाकतो.

अशा मुलांसाठी एक वाट म्हणजे ग्रुप थेरपी, ट्रेनिंग घेतलेल्या माणसासोबत काही मुलांनी गोल करून बसायचं आणि बोलायचं. पण ग्रुपच का, एकेकट्याशी का नाही बोलायचं? कारण या मुलांनी आपली गोष्ट आधीच पोलिसांना, समितीला, डॉक्टरला सांगितलेली असते, आणि समोरच्या मोठ्या माणसावर विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर, ती माणसं बदलतच राहतात. ग्रुपमध्ये गप्प बसायची मुभा असते. आणि एखादी मुलगी हळूच म्हणते की मला रात्री झोपच येत नाही, तेव्हा शेजारची पटकन बोलते, "मला पण." हे दोन शब्द काउन्सेलर ताईंनी कितीही मनापासून म्हटले तरी तसे लागत नाहीत. आपणच वाईट आहोत म्हणून हे आपल्यासोबत झालं, ही लाज तिथे पहिल्यांदा सैल होते. एकत्र बसल्याने माणसं सावरतात हे 1905 मध्ये बोस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरांना टीबीच्या गरीब पेशंट्सचे वर्ग घेताना दिसलं होतं.

सेशनमध्ये नुसत्या गप्पा नसतात. सतरंजीवर सहा-आठ जण, सुरुवातीला प्रत्येकाने आज मनाला कसं वाटतंय त्याचा शून्य ते दहामधला आकडा सांगायचा, बास. युद्धात सापडलेल्या मुलांसाठी बनवलेल्या एका पद्धतीत नको असलेली आठवण मनातल्या टीव्हीवर आणायची आणि रिमोटने आवाज बंद करायचा, रंग घालवायचा, चित्र छोटं करायचं, शेवटी टीव्हीच बंद. आठवण जात नाही, पण तिचा ताबा थोडा आपल्याकडे येतो, आणि हीच ट्रिक मुलं नंतर डॉर्ममध्ये एकमेकांना शिकवतात.

पण मुलं गोळा केली की झाली थेरपी, असं अजिबात नाही. 1999 मध्ये अमेरिकेत थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्तनाच्या तक्रारी असलेली किशोरवयीन मुलं एकत्र बसवल्यावर काही ग्रुप्समध्ये तंबाखू आणि शाळेतल्या तक्रारी उलट वाढल्या, कारण भानगडींच्या किश्शांना मित्रांचं हसू मिळायचं. म्हणून ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतोच. स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर त्या मुलाला ग्रुपसोबत स्वतंत्र काउन्सेलर आणि सायकिअ‍ॅट्रिस्टही हवा.

गुप्ततेचा प्रश्न तर इथे फारच नाजूक. बाहेर ग्रुप संपला की लोक घरी जातात, इथे त्याच मुलांसोबत शेजारच्या बेडवर झोपायचंय, सकाळी भांडण झालं की कालचं बोललेलं तोंडावर फेकलं जाऊ शकतं. त्यात 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच सेशनला मुलांना सरळ सांगायला हवं. सगळं आपल्यातच राहील असं म्हणून नंतर रिपोर्ट केला तर त्या मुलासाठी तो अजून एक दगा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेक्निक कुठलंही असो, तोच वार, तीच वेळ, तीच माणसं, यावर तडजोड नको. दोन रविवार उत्साहाने येऊन गायब होणाऱ्या व्हॉलंटियरकडून मुलांना परत तेच शिकवलं जातं, की माणसं निघून जातात. ग्रुप संपणार असेल तर किती सेशन राहिलेत ते आधीपासून सांगत राहायचं. आणि 18 पूर्ण झाल्यावर बालगृह सुटतं, कायद्यात त्यापुढे 21 पर्यंत आफ्टरकेअरची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे, पण रूम आणि नोकरी शोधण्याच्या धावपळीत मन सांभाळायला कोणीच नसतं, तेव्हा या मोठ्या मुलांचा वेगळा ग्रुप संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर येता येईल अशा वेळेला आणि स्टेशनजवळ ठेवायला हवा.