आयरिश वंशशोध

आयर्लंडमधून बाहेर पडलेल्या घराण्यांची मुळे जनगणना, जन्ममृत्यूच्या नोंदी, चर्चची दप्तरे आणि जमिनीच्या मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून हुडकण्याचा उद्योग. यातली बरीच साधने आज घरबसल्या पाहता येतात आणि सर्वांत महत्त्वाची साधने तर फुकट आहेत. 1841 साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 81 लाख 75 हजार होती, 1911 साली ती 43 लाख 90 हजारांवर आली. बटाट्यावर पडलेल्या रोगामुळे 1845 पासून जो महादुष्काळ आला त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली, जवळपास तितकीच देशोधडीला लागली आणि पुढची कित्येक दशके जहाजे भरून माणसे जातच राहिली. त्यामुळे हा शोध घेणारा माणूस बहुतेक वेळा बोस्टन, सिडनी किंवा लिव्हरपूलमध्ये बसलेला असतो. कुणाला केवळ उत्सुकता असते, कुणाला पासपोर्ट हवा असतो. कारण आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मल्याचे सिद्ध झाले, तर आयरिश नागरिकत्व मिळू शकते.

या विषयात पहिल्याच दिवशी कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘आयर्लंडचे सगळे कागद जळाले.’ ते अर्धेच खरे आहे. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि तिथले सरकारी अभिलेखागार भस्मसात झाले. 1821 ते 1851 या चार जनगणनांचे बहुतेक तक्ते, मृत्युपत्रांचा मोठा साठा आणि प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. पण 1861 आणि 1871 च्या जनगणनांचे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले होते, आणि 1881 व 1891 चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेले. त्यांचा आगीशी काही संबंध नाही. उलट कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्या वाचल्या, आणि बहुसंख्य लोक कॅथलिक होते. 2022 मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. जळालेल्या दप्तरांच्या इतरत्र उरलेल्या नकला आणि उतारे गोळा करून तिथे मांडले आहेत.

खरी अडचण आगीपेक्षा जागेची आहे. देशात 32 काउंटी (म्हणजे जिल्हे), त्यांखाली बॅरनी (तालुक्यासारखा विभाग), त्यांखाली पॅरिश (मुळात एका चर्चच्या हद्दीतला प्रदेश), आणि सर्वांत तळाशी टाउनलँड. आपल्याकडच्या वाडीइतका हा जमिनीचा तुकडा. मात्र कधी त्यात एकही घर नसते. असे टाउनलँड साठ हजारांहून अधिक आहेत आणि एकाच नावाचे अनेक सापडतात. पूर्वज कुठल्या टाउनलँडमधला हे कळले, तर बाकीचे काम बरेच सोपे होते. ते न कळता ‘कॉर्कचा जॉन सलिव्हन’ शोधायला बसणे म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय; त्या नावाची माणसे तिथे शेकड्यांनी होती. त्यातच कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश यांच्या सीमा जुळत नाहीत, आणि जन्ममृत्यू नोंदणीचे जिल्हे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या ‘पुअर लॉ युनियन’वर बेतलेले असल्याने ते काउंटीची हद्द ओलांडतात. गावनावांची शुद्धलेखनेही ठरलेली नाहीत. अशा वेळी गावनावांचा सरकारी कोश असलेले ‘लॉगेनम’ हे संकेतस्थळ आधी उघडावे.

टाउनलँडचे नाव आयर्लंडच्या कागदांत शोधण्याआधी पूर्वज जिथे जाऊन राहिला त्या देशात शोधावे, हा या कामाचा जवळजवळ नियमच आहे. अमेरिकेत 1906 पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा नुसते ‘आयर्लंड’ असते. त्यापेक्षा चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा लेख आणि वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी अधिक बोलकी. बोस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात 1831 पासून हरवलेल्या नातलगांच्या शोधार्थ जाहिराती छापल्या जात. भाऊ बहिणीला शोधतोय, बायको नवऱ्याला. आणि ओळख पटावी म्हणून गाव, पॅरिश, कधी जहाजाचे नावही दिलेले असे. त्या जाहिरातींची शोधसूची आता ऑनलाइन आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या मृत्यू दाखल्यांवर आईवडिलांची नावे असतात, म्हणून तिथल्या वंशजांचे काम तुलनेने हलके.

गाव हाती आल्यावर सरकारी नोंदणीकडे वळावे. कॅथलिकेतर विवाह 1 एप्रिल 1845 पासून नोंदले जाऊ लागले, आणि सर्वांचे जन्म, विवाह व मृत्यू 1 जानेवारी 1864 पासून. ‘आयरिशजीनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर 100 वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीचे विवाह आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांच्या प्रतिमा पैसे न देता पाहता येतात. उत्तरेतल्या, ब्रिटनकडेच राहिलेल्या सहा काउंटींच्या 1921 नंतरच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाची सशुल्क सेवा वापरावी लागते. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. उशिरा नोंद केल्यास दंड होता. तो चुकवायला बाप खुशाल तारीख पुढे ढकलून सांगे. म्हणून सरकारी वहीतल्या जन्माच्या आधीच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली मुले पुष्कळ भेटतात. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी.

1864 च्या मागे जायचे तर कॅथलिकांसाठी चर्चच्या वह्या हाच मुख्य मार्ग. नॅशनल लायब्ररीने त्यांच्या सूक्ष्मपटांच्या प्रतिमा जुलै 2015 मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. बहुतेक वह्या 1880 च्या आसपासपर्यंतच्या आहेत. त्या सुरू होण्याचे वर्ष मात्र ठिकाणागणिक बदलते. पूर्वेकडच्या शहरांत अठराव्या शतकातल्या वह्या मिळतात, पश्चिमेच्या गरीब पॅरिशमध्ये 1830 च्या मागे सहसा काही नसते. प्रतिमा पुसट, अक्षर घाईचे आणि भाषा पुष्कळदा लॅटिन: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे टिपून ठेवावीत, कारण ते बहुधा मामा, काका, आत्या, मावशी यांपैकीच कुणीतरी निघतात. प्रॉटेस्टंट वह्यांतही जे उरले ते मोलाचे आहे. बराक ओबामा यांचे पूर्वज फॅल्मथ कर्नी 1850 मध्ये ऑफली काउंटीतल्या मनीगॉलहून अमेरिकेला गेले, हे नाते पक्के झाले ते स्थानिक पाळकाने चाळलेल्या जुन्या नोंदवह्यांमुळे.

जनगणनेची पोकळी जमिनीच्या कागदांनी काहीशी भरून निघते. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात झालेल्या मूल्यांकनात प्रत्येक टाउनलँडमधला कूळ, त्याचा जमीनमालक, क्षेत्र आणि करासाठी ठरवलेले मूल्य छापले आहे, सोबत नकाशा. यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव येते, बायकोमुलांचे नाही. त्याआधीच्या, 1820 व 1830 च्या दशकांतल्या, चर्चला द्यायच्या दशांश-कराच्या वह्याही राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. पण त्या शेतजमिनीपुरत्या; शहरातला मजूर त्यांत दिसत नाही.

पूर्णपणे टिकलेल्या सर्वांत जुन्या जनगणना 1901 आणि 1911 च्या. पोलीस शिपाई घरोघर फिरून तक्ते गोळा करत. त्यांत नाव, वय, धर्म, धंदा, लिहितावाचता येते का, आयरिश भाषा येते का, आणि वेगळ्या तक्त्यात घराचे छप्पर व खिडक्यादेखील. 1911 मध्ये विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हेही विचारले. ‘झाली अकरा, हयात सहा’ अशा धर्तीची दोन आकड्यांची नोंद एका घराचा इतिहास सांगून जाते.

या दोन जनगणना शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसे पंधरा-सोळा वर्षांनी मोठी झालेली असतात. कारण निवृत्तिवेतन. 1908 च्या कायद्याने सत्तरी पार केलेल्या गरिबांना जानेवारी 1909 पासून आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. पण 1864 पूर्वी जन्मलेल्यांकडे दाखला कुठून असणार? मग 6 जानेवारी 1839 च्या भयंकर वादळाची आठवण सांगून वय पटवले जाई, आणि त्या रात्रीच्या आठवणी सांगणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. दुसरा मार्ग असा की अर्जदाराने आईवडिलांची नावे आणि लहानपणचा पत्ता द्यायचा, आणि डब्लिनच्या अभिलेखागारात कारकुनाने 1841 किंवा 1851 चा तक्ता काढून वय तपासायचे. तक्ते पुढे जळाले, तपासणीचे हे अर्ज वाचले. ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत, आणि नष्ट झालेल्या जनगणनेतल्या काही घरांची माहिती आता फक्त त्यांतच उरली आहे. माझ्या मते, सर्वांत कमी वापरले जाणारे हे साधन सर्वांत आधी पाहावे.

नावांबाबत लवचीक राहावे लागते. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही उपपदे कधी गळतात, कधी परत येतात. मॅकगोवन कुटुंब पुढच्या पिढीत स्मिथ झालेले असते. ब्रिजेट अमेरिकेत डीलिया होते. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, ही प्रथा दिशा दाखवते, पुरावा देत नाही.

तयार वंशवृक्ष उचलण्याचा मोह किती महागात पडतो, हे ॲनी मूरच्या उदाहरणावरून कळते. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात उतरलेली ही कॉर्ककडची मुलगी त्या केंद्रातली पहिली स्थलांतरित. ती पुढे टेक्ससला गेली असे अनेक वर्षे सांगितले जाई. 2006 मध्ये शोधकांनी कागद लावून पाहिले, तर टेक्ससची ॲनी इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून गेलीच नव्हती. नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही. ठिकाण, वय आणि नातलग यांपैकी आणखी दोन गोष्टी तरी जुळायला हव्यात.

काही आयरिश घराण्यांचा धागा मुंबईपर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स ही पलटण 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये विलीन झाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात असून ‘फाइंडमायपास्ट’वर वर्गणी भरून पाहता येतात. आयर्लंडमधल्या वहीत एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा सापडावा आणि पुढच्या कुठल्याच तक्त्यात तो दिसू नये, असे झाले तर अमेरिकेच्या जहाजांबरोबर हे दप्तरही चाळून पाहावे.