बारा व्होल्टची वाटणी : गेम ऐन रंगात असताना पीसी बंद पडतो त्याची पार्श्वभूमी

डेस्कटॉपवर दिवसभर सुरळीत चालणारा पीसी गेम लावला की अचानक बंद पडतो, या तक्रारीवरचे उत्तर वर्षानुवर्षे ठरलेले आहे: एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मोठा घ्या. पुष्कळदा त्याने काम भागते. पण साडेसातशे वॅटचा काढून हजाराचा लावला तरी बंद पडणारे पीसी आहेत, आणि साडेपाचशेवर तेच ग्राफिक्स कार्ड निमूट चालवणारेही आहेत. एकूण वॅटइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती वीज कोणत्या तारेतून, किती वेळात आणि कोणाच्या देखरेखीखाली जाते.

एजीपी या ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या स्लॉटच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. कार्डाला बहुतेक वीज स्लॉटमधूनच मिळे. २००० च्या सुमारास काही तगड्या कार्डांना हार्ड डिस्कला वीज देणारा मोलेक्स कनेक्टर लावावा लागू लागला, इतकेच. पीसीआय एक्सप्रेस हा नवा स्लॉट आल्यावर हिशेब बसला: स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५, आणि पुढे आलेल्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०.

खरा वादाचा निर्णय त्याआधीचा, २००३ चा. प्रोसेसर आणि कार्ड पाच व्होल्टवरून बारा व्होल्टकडे सरकत होते, म्हणून पीसीच्या वीजपुरवठ्याचे नियम ठरवणाऱ्या एटीएक्स मानकाच्या नव्या आवृत्तीने बारा व्होल्टचा पुरवठा दोन रेलमध्ये, म्हणजे स्वतंत्र मर्यादा असलेल्या दोन वाटांमध्ये, विभागला. एक प्रोसेसरला, दुसरी उरलेल्या सगळ्यांना. प्रत्येक रेलवर २४० व्होल्ट-अँपिअरची, म्हणजे २० अँपिअरची मर्यादा. हा आकडा विद्युत सुरक्षेच्या नियमांतून आलेला होता: शॉर्ट झाले तर एकाच तारेत आग लागण्याइतकी ऊर्जा ओतली जाऊ नये. आत स्रोत बहुधा एकच असे, फक्त प्रवाह मोजणारी सर्किट वेगळी. पण व्यवहारात पंचाईत झाली. कार्ड, स्लॉट, डिस्क आणि पंखे एकाच रेलवर, आणि प्रोसेसरच्या रेलवर निम्मी वीज पडून. गेममध्ये कार्डाने ओढ घेतली की कार्डाची रेल ट्रिप होई. लेबलावरची एकूण वॅट मात्र पुरेशी दिसे. एकाच मशीनमध्ये दोन कार्डे लावण्याची लाट त्याच सुमारास आल्यामुळे ओरड आणखी वाढली.

२००७ च्या दुरुस्तीत २० अँपिअरची अट निघाली. त्यानंतर 'सिंगल रेल' हे शब्द खोक्यावर अभिमानाने छापले जाऊ लागले, आणि रेल विभागलेला एसएमपीएस म्हणजे जुनाट माल अशी समजूत रुजली. ही समजूत अर्धवट होती. चूक विभागणीत नव्हती, केबलींची वाटणी निष्काळजीपणे केली गेली यात होती. कार्डाच्या दोन कनेक्टरांना दोन वेगळ्या रेल दिल्या असत्या तर बहुतेक तक्रारी उद्भवल्याच नसत्या. पण सोपा मार्ग निवडला गेला: पहारा उठवला. हजार वॅटच्या सिंगल रेल एसएमपीएसमध्ये ८० अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय संरक्षण जागे होत नाही. एखादी तार त्याच्या खूप आधी वितळू शकते.

पुढची दहा वर्षे हे कोणाला फारसे जाणवले नाही. २०१६ मध्ये एक मध्यम दर्जाचे कार्ड सहा पिनांचा एकच कनेक्टर असल्याने स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षा जास्त ओढताना सापडले. काही दिवसांत ड्रायव्हर बदलून तो भार कनेक्टरकडे वळवण्यात आला आणि प्रकरण मिटले.

मिटले नाही ते क्षणिक झटक्यांचे प्रकरण. २०१२ पासून कार्डे स्वतःचा वेग क्षणाक्षणाला बदलू लागली होती. दृश्य जड झाले की वेग, व्होल्टेज आणि प्रवाह एकदम चढतात. २०२० मध्ये साडेतीनशे वॅटची कार्डे मिलिसेकंदापेक्षाही कमी काळासाठी पाचशेच्या वर जाऊ लागली. साध्या वॅटमीटरला हे दिसत नाही, एसएमपीएसच्या संरक्षणाला दिसते. त्यामुळे चांगले, चोख, कडक मर्यादा पाळणारे एसएमपीएस बंद पडले आणि ढिले निभावून गेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत दुसरा गोंधळही चालू होता: गेम कोसळून डेस्कटॉपवर परत येत होता. खापर कार्डामागच्या कपॅसिटरांवर फुटले, आणि सुधारणा मुख्यतः ड्रायव्हरने झाली. दोन्ही दोषांची सरमिसळ आजही होते. गेम बंद होऊन विंडोज शाबूत राहिले तर आधी ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक आणि तापमान पाहायचे. पूर्ण मशीनच विझले तर एसएमपीएस आणि केबल. विंडोजच्या नोंदीतला 'कर्नल-पॉवर ४१' हा त्रुटी-क्रमांक फक्त एवढेच सांगतो की मशीन नीट बंद झाले नव्हते. त्यावरून एसएमपीएसला दोषी ठरवणारे कमी नाहीत.

२०२२ च्या एटीएक्स ३.० ने या झटक्यांना नियमात जागा दिली: एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. जोडीला सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला, ६०० वॅटपर्यंतचा. आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये पूर्ण भारावर बारा व्होल्टच्या प्रत्येक पिनेतून चारेक अँपिअर जात. नव्यात बारा व्होल्टच्या सहा पिनांतून प्रत्येकी ८.३ जातात, आणि पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. म्हणजे सुरक्षिततेचा वाव जवळजवळ संपला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० कार्ड बाजारात येऊन दोनच आठवडे झाले असतील, तोच कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. निष्कर्ष निघाला की वापरणाऱ्याने प्लग पूर्ण आत बसवला नव्हता. ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण किंचित तिरका बसला तर वितळणारा प्लग मंजूर कसा झाला, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०२३ च्या सुधारित रूपात सेन्स पिना (किती वीज मागता येईल हे कार्डाला सांगणाऱ्या बारीक पिना) आखूड केल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या प्लगवर कार्ड पूर्ण वीज मागणारच नाही.

आणि इथे २००३ चा वाद पुन्हा येतो. त्याच कंपनीच्या आधीच्या ३०९० टीआय कार्डात बारा व्होल्टच्या सहा तारांच्या तीन जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीचा प्रवाह वेगळा मोजला जाई. ४०९० पासून सहाही तारा कार्डावर पोचताच एकत्र केल्या गेल्या. कोणत्या तारेतून किती जाते हे मग कार्डाला कळत नाही, आणि सिंगल रेल एसएमपीएसलाही नाही. एका पिनेचा संपर्क चांगला आणि बाकीच्यांचा कच्चा असेल तर प्रवाह चांगल्या पिनेकडेच लोटतो. २०२५ मध्ये ५७५ वॅटच्या ५०९० वर झालेल्या एका मोजणीत एकाच तारेतून २० अँपिअरच्या वर प्रवाह दिसला, आणि कार्ड थांबले नाही. त्या पिढीतल्या काही महागड्या कार्डांत प्रत्येक पिनेचा प्रवाह मोजून दाखवण्याची सोय आली आहे. ती इशारा देते. भार दुसऱ्या तारेवर वळवणे तिच्या हातात नाही.