कॉलेजच्या वायफायवर ‘शेअरिंग बंद’ कसं झालं

बहुतेक कॉलेजांच्या वायफायला लॉगिन करताना एक ठरावीक मजकूर समोर येतो. टॉरेंट वापरू नये, कॉपीराइट असलेल्या फाइल्सची देवाणघेवाण करू नये, केल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. कोल्हापुरातली पोरंही इतरांसारखीच न वाचता टिचकी मारून पुढं जातात. वाचलाच कुणी, तर त्याला वाटेल की कायदा झाला आणि त्यातून हा नियम निघाला. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी इंटरनेटची लाइन तुंबली, मग नियम आले आणि कॉपीराइटचं कलम त्यांना नंतर जोडलं गेलं.

कायदा तसा जुनाच. 1914 च्या ब्रिटिशकालीन कायद्यात सिनेमाला स्वतंत्र स्थान नव्हतं. बाबूराव पेंटरांनी इथं मूकपट काढले तेव्हा आणि 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हाही तीच स्थिती होती. सिनेमाला स्वतःचा कॉपीराइट मिळाला तो 1957 च्या कायद्यानं, जो 21 जानेवारी 1958 पासून लागू झाला. चित्रपटाची मुदत आता प्रदर्शनापासून 60 वर्षांची आहे. म्हणजे या गावात बनलेले मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट आज कुणीही कुणाला द्यावेत, हरकत नाही. हॉस्टेलवर नेमकं तेच कुणाला नको असतं, हा भाग वेगळा.

संगणकाचे प्रोग्राम या कायद्यात आले 1984 च्या दुरुस्तीनं. 1994 च्या दुरुस्तीनं, 10 मे 1995 पासून, 63-ब हे कलम आलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना सॉफ्टवेअर वापरलं, तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला. क्रॅक सॉफ्टवेअरची शिक्षा नेटच्या आधी तीन महिने येऊन बसली होती! याच कलमात एक सवलतही आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर सबळ कारणं नोंदवून न्यायालय कैद टाळू शकतं आणि फक्त दंड करू शकतं. हॉस्टेलच्या खोलीत क्रॅक केलेल्या कॅडवर, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर, हात बसवणाऱ्या पोराला या सवलतीचा आधार मागता येतो. तोच पोरगा तोच पेन ड्राइव्ह घेऊन उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात पॅटर्नची ड्रॉइंग काढायला बसला, की सवलत संपली. शिवाय नोटीस येते ती मालकाच्या नावानं. सॉफ्टवेअर कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट आवृत्ती देतात, पण ती फक्त शिकण्यापुरती असते, ही अट मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहते.

कॉलेजचं नेटवर्क आणि फाइल शेअरिंग यांचं भांडण सुरू झालं अमेरिकेत. 1999 मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजच्या विद्यार्थ्यानं नॅपस्टर काढलं आणि गाण्यांच्या फाइल्सनी विद्यापीठांची नेटवर्कं भरून गेली. नॅपस्टर 2001 मध्ये बंद पडलं, तोवर बिटटॉरेंट, म्हणजे एकमेकांकडून फाइल उतरवायचं टॉरेंटचं तंत्र, आलं होतं. 2003 मध्ये तिथल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं थेट विद्यार्थ्यांवर दावे लावले. 2008 च्या उच्च शिक्षण कायद्यानं तर अशा शेअरिंगला आळा घालण्याची योजना आखणं कॉलेजांवर बंधनकारकच केलं. भारतात कॉलेजांवर असं बंधन घालणारा कायदा नाही. तरी आपल्याकडच्या नियमावल्यांची भाषा त्या अमेरिकी नियमावल्यांशी इतकी जुळते, की मसुदा कुठून उचलला असेल याचा अंदाज बांधता येतो. कॉपीराइटच्या नियमाचीच कॉपी, म्हणा ना.

आपल्या हॉस्टेलांची गोष्ट निराळी होती. बाहेर जाणारी लाइन बारीक आणि आतली लॅन, म्हणजे हॉस्टेलमधल्या संगणकांचं आपसातलं नेटवर्क, वेगवान. 2009 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या शिक्षण अभियानातून कॉलेजांना बीएसएनएलची जी ब्रॉडबँड जोडणी मिळायची, ती 512 केबीपीएसची. एका जोडणीवरून 700 एमबीचा सिनेमा उतरवायला तीन तास लागणार, तेही बाकी कुणी काही उघडलं नाही तर. म्हणून एकानं कुठून तरी पिक्चर आणायचा आणि बाकीच्यांनी आतल्या आत घ्यायचा. देशभरच्या हॉस्टेलांत यासाठी डीसी++ हे फाइल वाटायचं सॉफ्टवेअर चालायचं. एका मशीनवर सगळ्यांना जोडणारा हब, बाकीच्यांनी आपापला फोल्डर उघडा ठेवायचा, आणि काही हबवर ठरावीक जीबी शेअर केल्याशिवाय प्रवेशच नाही. जिथं लॅन नाही तिथं “भावा, पेनमध्ये मारून दे की.” यातलं काहीच बाहेरच्या लाइनवर जात नव्हतं. त्यामुळं ना लाइन तुंबायची, ना बाहेरच्या कुणाला दिसायचं.

टॉरेंटनं दोन्ही गोष्टी बदलल्या. टॉरेंट उतरवून घेता घेता तीच फाइल दुसऱ्यांना पुरवतही असतं. चार-पाच लॅपटॉप रात्रभर चालू राहिले की सकाळी ऑफिसातल्या बाईंना परीक्षेचे फॉर्म भरता येईनात. सिस्टिम अॅडमिननं फायरवॉलवर टॉरेंट बंद केलं ते या कारणानं, कलम वाचून नव्हे. पण फाइल पुरवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा त्याचा क्रमांक, त्या टॉरेंटमधल्या सगळ्यांना दिसतो, हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्यांनाही. कॉलेजच्या शेकडो मशीनचा बाहेर दिसणारा पत्ता बहुधा एकच असतो. तक्रार येते ती त्या पत्त्याची, पोर्टची आणि वेळेची. कुणाचा लॅपटॉप, हे शोधायला आतली लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं याची नोंद, लागते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 च्या निर्देशात सेवा पुरवठादार, मध्यस्थ आणि संस्थांना 180 दिवसांची लॉग ठेवायला सांगितलं. लॉगिनच्या पानावर मोबाइल नंबर मागतात तो अशा वेळी कामाला येतो.

दरम्यान इथला कायदाही कडक होत गेला. 2009 मध्ये महाराष्ट्रानं झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट घातले. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं आणि 2013 च्या नियमांनी मध्यस्थांसाठी, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर पोचवणाऱ्या सेवांसाठी, पद्धत ठरली: लेखी तक्रार आल्यावर 36 तासांत मजकूर रोखायचा आणि 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर पुन्हा खुला करता येतो. कॉलेज असा मध्यस्थ ठरतं का, यावर वाद घालता येईल. 2016 मध्ये ब्लॉक केलेल्या साइटवर ‘पाहणंही गुन्हा’ अशी पाटी झळकली आणि पोरं घाबरली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं नुसतं पाहणं हा गुन्हा नाही हे स्पष्ट केलं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम 63 चा, म्हणजे जाणूनबुजून कॉपीराइट मोडण्याचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला.

पुस्तकांची बाजू मात्र सिनेमासारखी नाही, आणि लॉगिनच्या पानावरचा मजकूर हा फरक करतच नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं प्रत काढण्याला कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मोकळीक देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या मोकळिकीचा व्यापक अर्थ लावला. राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडं सरांनी ठेवलेला धड्यांचा गठ्ठा त्यात बसू शकतो. अख्खं पुस्तक स्कॅन करून टेलिग्रामवर हजार जणांना वाटणं बसवणं मात्र अवघड.

शोधनिबंधांसाठी केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. शिवाजी विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठांसाठी ही योजना आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत आणि जिल्ह्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं त्याच गटातली आहेत. तिथला एमटेकचा विद्यार्थी निबंध हवा असला की अजूनही विद्यापीठातल्या मित्राला मेसेज टाकतो: “पीडीएफ काढून पाठव की.”