टीईईआर मापन

आतडे, फुप्फुस किंवा मेंदूतील केशवाहिन्या यांच्या पेशींचा प्रयोगशाळेत वाढवलेला थर कितपत घट्ट जुळला आहे, हे त्याच्या आरपार विद्युत् रोधावरून (ट्रान्सएपिथेलियल इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स, टीईईआर) ठरवण्याची पद्धत. शेजारच्या पेशींमधील सांधे आवळत जातात तशी आयनांची वाट बंद होते व रोध चढतो. थर न फाडता, न रंगवता तोच पुन्हापुन्हा तपासता येतो.

पद्धतीचे मूळ सामान्यतः डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान्स उसिंग यांच्या १९५० च्या सुमाराच्या, बेडकाच्या कातडीवरील प्रयोगांत शोधतात. परंतु उसिंग यांचा रोख सोडियमच्या सक्रिय वहनावर होता. कातडीवरील विभवांतर शून्यावर आणून ते विद्युत् प्रवाह मोजत. त्यांना पद्धतीपेक्षा उपकरणाचे जनक म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. हे मापन ‘चिपवरील अवयवां’तही करतात, म्हणजे बारीक वाहिन्यांतून द्रव वाहता ठेवून पेशी वाढवलेल्या छोट्या चिपांत. या कल्पनेचे श्रेयही वादाचे आहे. हार्वर्डच्या वीस संस्थेतील फुप्फुस-चिप (२०१०) बहुधा आरंभ मानली जाते. कॉर्नेल विद्यापीठात मायकेल शूलर यांनी जोडकप्प्यांतून द्रव खेळवण्याचे काम मात्र १९९० च्या दशकातच सुरू केले होते.

स्थिर द्रवातील संवर्धनात मोजलेल्या रोधातून, पेशी ज्यावर वाढतात त्या पटलाचा पेशीविरहित रोध वजा करून बाकी क्षेत्रफळाने गुणतात, एकक ओहम-चौ. सेंमी. (भागत नाहीत, नवखे येथे हमखास चुकतात.) वाहत्या द्रवाच्या चिपमध्ये हे गणित फसते. वाहिनी अरुंद असल्याने द्रवाचाच रोध मोठा असतो, आणि इलेक्ट्रोड टोकांना असल्यास विद्युत् प्रवाह थरावर सारखा पसरत नाही. मोजलेल्या रोधाला पूर्ण क्षेत्रफळाने गुणले की आकडा फुगतो. ओडाइक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा दोष उघड केला. चिपवरील जुने आकडे त्यामुळे जपूनच वाचावेत. वाहिनीत बुडबुडा अडकला किंवा उबवणीपेटीतून काढलेली चिप थंड झाली, तरी रोध वाढतो व थर घट्ट झाल्याचा भास होतो.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या प्रतिकृतींसाठी क्रोन व ओलेसेन यांनी १९८२ मध्ये मोजलेला सुमारे १,९०० ओहम-चौ. सेंमी. हा आकडा अनेकदा उद्दिष्ट म्हणून दिला जातो. तो बेडकाच्या मेंदूवरील सूक्ष्मवाहिन्यांचा आहे.

रोध आयनांविषयी सांगतो, औषधाच्या रेणूंविषयी नाही. म्हणून ल्युसिफर यलोसारखे चमकणारे मार्गदर्शी द्रव्य एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला किती उतरते तेही पाहतात. पीडीएमएस या सिलिकोनी रबराच्या चिपा तेलात विरघळणारी औषधे स्वतःच शोषून घेतात. अशा वेळी पार्यता (थरातून द्रव्य पार जाण्याचे प्रमाण) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.