आर्क द त्रिओंफ: आधी कॅनव्हासची, मग दगडाची

डिसेंबर 1805 मध्ये ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रिया आणि रशियाच्या फौजांचा धुव्वा उडाला. घरी परताल ते विजयकमानींखालूनच, असा शब्द नेपोलियनने आपल्या सैनिकांना दिला होता. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ या विजयकमानीची कोनशिला 15 ऑगस्ट 1806 ला, सम्राटाच्या वाढदिवशी बसली.

आराखडा जाँ शालग्रां या वास्तुविशारदाचा. रोममधल्या टायटसच्या कमानीचा आदर्श समोर असूनही त्याने दर्शनी खांब अजिबात घेतले नाहीत. सपाट, धिप्पाड भिंती आणि उंची सुमारे 50 मीटर. हे धाडसच होतं. पुढे शिल्पांना ऐसपैस जागा मिळाली ती त्यामुळेच.

पण पायातच दोन वर्षं गेली. 1810 मध्ये नेपोलियनचं ऑस्ट्रियाच्या मारी-लुईझशी लग्न ठरलं, तेव्हा भिंती जेमतेम जमिनीवर आल्या होत्या. वरात तर याच वाटेने शहरात शिरणार. मग लाकडी सांगाड्यावर रंगवलेला कॅनव्हास ताणून पूर्ण आकाराची कमान उभी केली गेली, आणि नवदांपत्य तिच्याखालून गेलं. शालग्रांला मात्र त्यातून आपली कमान प्रत्यक्ष उभी दिसली आणि त्याने आराखड्यात दुरुस्त्या केल्या. पुढच्याच वर्षी तो वारला.

1814 मध्ये साम्राज्य कोसळलं, काम थांबलं. नेपोलियननंतर गादीवर परतलेल्या बूर्बाँ राजघराण्याच्या राजवटीत ते पुन्हा सुरू झालं आणि राजा लुई फिलीपच्या काळात, 29 जुलै 1836 ला, कमान खुली झाली. 15 डिसेंबर 1840 ला सेंट हेलेनाहून, जिथे तो कैदेत वारला त्या बेटावरून, आणलेली नेपोलियनची शवपेटी तिच्याखालून गेली. दगडी कमानीखालून तो गेला तो असा.

शिल्पांत माझ्या मते सर्वांत जिवंत आहे ते फ्राँस्वा रूदचं, फ्रेंच क्रांतीच्या बचावासाठी 1792 मध्ये निघालेल्या स्वयंसेवकांचं: पंख पसरलेली, तोंड उघडून ओरडणारी स्त्री आणि तिच्याखाली निघालेले लढवय्ये. आतल्या भिंतींवर शेकडो सेनानींची नावं कोरली आहेत. ज्यांच्या नावाखाली रेघ आहे, ते लढाईत पडले. कवी व्हिक्टर ह्यूगोचे वडील सेनापती होते, पण त्यांचं नाव वगळलं गेलं. मुलाने 1837 चा कवितासंग्रह त्यांनाच अर्पण केला आणि कमानीवर ते नाव नाही, हे तिथे नोंदवून ठेवलं. 1885 मध्ये त्याचं स्वतःचं पार्थिव याच कमानीखाली अंत्यदर्शनाला ठेवलं होतं.

पहिल्या महायुद्धात पडलेल्या एका अनामिक सैनिकाची कबर 1921 पासून या नावांच्या खाली आहे. तिथली ज्योत 1923 मध्ये पेटली. रोज संध्याकाळी साडेसहाला ती नव्याने चेतवतात.